दातांचं अंदाजपत्रक १ लाख ४० हजार: आधी काय, नंतर काय, आणि काय नकोच?

पाटावरवंटा

नात्यातल्या एका काकूंसाठी विचारतेय. वय ५६, मधुमेह आहे, मिश्री वर्षानुवर्षांची. वरचा पुढचा एक दात पडलाय, शेजारचा जुना रूट कॅनाल केलेला दात काळा झालाय, आजूबाजूच्या दोन दातांना हिरडीजवळ कीड. खाली डावीकडची एक दाढ आधीच काढलेली, उजवीकडची आता ठणकतेय. हिरड्यांतून रक्त येतं. कुणी फोटो काढायला लागलं की काकूंचा पदर तोंडावर. दवाखान्यातून आलेला कागद असा:

खालची उजवी दाढ, रूट कॅनाल आणि झिरकोनिया (पांढरं, कणखर सिरॅमिक) कॅप: १८,०००
दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून लावायचे दात (पुढचा दात, डावी दाढ): ८०,०००
पुढच्या तीन दातांना झिरकोनिया कॅप: ३६,०००
लेझर क्लीनिंग: ६,०००

एकूण १,४०,०००. सध्या हातात ३० हजार आहेत. दवाखाना हप्त्यांवर करून द्यायला तयार आहे. घ्यावेत का हप्ते?

अक्कलदाढ

थांबा, हप्त्यांवर सही करू नका. कागद खोटा नाही, पण सगळं एकदम करायचं असं धरून लिहिलेला आहे.

पहिलं काम: दवाखान्याकडून प्रत्येक ओळीसमोर दाताचा नंबर लिहून घ्या. तोंडाचे चार भाग असतात. रुग्णाची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मागे मोजायचा, १ ते ८. म्हणजे काकूंचा पडलेला दात २१ असेल तर काळा झालेला ११, किडलेले १२ आणि २२, काढलेली दाढ ३६ आणि ठणकणारी ४६. हे 'चार सहा' असं वाचतात, 'सेहेचाळीस' नाही. नंबर हातात आले की दोन दवाखान्यांचे कागद शेजारी ठेवून तुलना करता येते. नाहीतर एकाने तीन कॅप लिहिल्या, दुसऱ्याने चार, आणि कोणता दात वाढला तेच कळत नाही.

आता क्रम. आधी ४६ ची दुखी आणि हिरड्या. मग पुढचे दात. ३६ सगळ्यात शेवटी. पहिल्या टप्प्याचे सध्याचे शहरी दर साधारण असे धरा:

हिरड्यांची सफाई १,००० ते १,५००. ४६ चं रूट कॅनाल ४,००० ते ६,०००, त्यावर धातू-सिरॅमिकची कॅप ३,००० ते ५,०००. ११ आतून उजळणं १,५०० ते २,५००. १२ आणि २२ मध्ये दातासारख्या रंगाचं काँपोझिट, दोन्ही मिळून ३,००० ते ५,०००. २१ च्या जागी काढ-घाल करायचा ॲक्रिलिकचा एक दात १,५०० ते २,५००.

बेरीज १४,००० ते २२,५००. काकू यात हसायला लागतील. लोक हसताना वरचे पुढचे सहा-आठ दातच दाखवतात. मागची दाढ चावायला हवी, पण तिच्यापायी पुढचं काम अडवून ठेवायला नको.

३६ शेवटी म्हटलं तरी कायमची विसरायची नाही. दाढ नसली की वरची २६ हळूहळू खाली उतरते, ३७ पुढे कलते आणि काही वर्षांनी तिथे काही बसवायला जागाच उरत नाही. दर सहा महिन्यांनी तपासणीत ती जागा बघून घ्या.

सुळेवाली

वरच्या यादीतल्या एका गोष्टीला माझा विरोध. ११ काळा, २२ किडलेला, मधला २१ गायब. असल्या ठिकाणी ११-२१-२२ असा तीन दातांचा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप आणि त्यांना जोडलेला मधला नकली दात, सरळ हिशोबात बसतो. निरोगी दात घासून ब्रिज बसवणं पाप, पण इथे दोन्ही बाजूंचे दात तसेही दुरुस्तीलाच आलेत. धातू-सिरॅमिकचे तीन दात १०-१५ हजारांत होतात. मग ११ उजळायला पैसे कशाला घालवायचे?

अक्कलदाढ

मुद्दा मान्य, वेळ मान्य नाही. हिरड्या आत्ता सुजलेल्या आहेत. सफाई होऊन सूज उतरली की हिरडी वर सरकते. सूज असताना माप घेऊन ब्रिज बसवला तर दोन महिन्यांत कॅपची कड आणि तिच्यावरचा मुळाचा पट्टा उघडा पडतो, धातूची करडी रेघ दिसते, आणि काम पुन्हा करावं लागतं. सफाईनंतर निदान ६ ते ८ आठवडे थांबून हिरडी कुठे स्थिरावते ते बघायचं. तोवर ॲक्रिलिकचा दात. पुढे ब्रिजच करायचा ठरला तर ११ उजळायचं काम वगळा, तेवढे पैसे वाचतील. आणि २२ ची कीड किती खोल आहे ते एक्स-रेशिवाय आपण दोघंही सांगू शकत नाही.

सुळेवाली

हिरडीचं बरोबर. मात्र ब्रिज झाला तर मधल्या नकली दाताखालून रोज सुपरफ्लॉस (दातांखालून ओवायचा खास धागा) ओवावा लागेल हे काकूंना आधीच सांगा. तिथे अन्न साचून एका टोकाचा दात किडला की तिन्ही दातांचं काम बाद होतं. आणि त्या हे करणार नसतील, तर काढ-घाल करायचा दातच बरा, तो निदान हातात घेऊन घासता येतो.

वरणभात

सफाईने दात हलायला लागतात म्हणून घरची मोठी माणसं विरोध करतात. खरं का? आणि लेझरचे सहा हजार द्यायचे का?

अक्कलदाढ

दात आधीच हललेले असतात. हाड झिजलेलं असतं आणि दगडासारखा जमलेला थर त्यांना एकमेकांत जखडून ठेवतो. थर काढला की हाललेलं जाणवतं, फटी दिसतात, थंड लागतं. हलणं आणि थंड लागणं दोन-तीन आठवड्यांत बरंच कमी होतं. थर तसाच ठेवला तर हाड झिजत राहतं आणि दात हातात येतो.

लेझर नको. साध्या अल्ट्रासोनिक यंत्राने होणारी सफाई पुरेशी आहे. हिरडी आणि दात यांच्यामध्ये खोल खिसे सापडले तर भूल देऊन मुळांची सफाई करतात, ती तोंडाच्या एकेका भागाची वेगळी आकारतात. कागदावर तसं लिहिलंय का ते बघा.

मिश्री मात्र सोडावी लागेल, यात सूट नाही. ती हिरडीच्या कडेला घासली जाते, तिथला दात खाचा पडून झिजतो, आणि १२-२२ च्या काँपोझिटची कड महिन्याभरात तपकिरी होते. तंबाखूमुळे जखमाही उशिरा भरतात. शिवाय तपासताना गालाच्या आत आणि जिभेखाली पांढरा-लाल चट्टा आहे का, तोंड पुरतं उघडतं का, हे बघायला सांगा. तीन बोटं उभी आत जात नसतील तर दाढेचं रूट कॅनालसुद्धा अवघड होतं आणि आधी त्याचा इलाज लागतो.

मधुमेहाचं: तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ताजी काढून न्या. ८ च्या वर असेल तर इम्प्लांटचा विषयच पुढे ढकलतात. उपचाराची वेळ सकाळची घ्या, नाश्ता आणि गोळी घेऊन जायचं. उपाशी नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन किंवा आठवड्याची गोळी घेत असतील तर दात काढण्याआधी ते सांगायलाच हवं, कारण त्या औषधांनी जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो.

प्लास्टर_ऑफ_पुणे

कॅपबद्दल लॅबच्या बाजूने थोडं.

'झिरकोनिया चांगलं, धातू-सिरॅमिक वाईट' असं सरसकट नसतं. ४६ सारख्या दाढेवर तिन्ही चालतात: निव्वळ धातूची कॅप, धातूवर सिरॅमिक, किंवा अखंड झिरकोनिया. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दणकट निव्वळ धातूची. दात कमी घासावा लागतो, तुकडा उडत नाही. दिसायला चांदीसारखी म्हणून हल्ली कुणी सुचवत नाही, पण सगळ्यात मागच्या दाढेवर कोण बघतंय? निकेलची ॲलर्जी असेल तर मात्र नको. नकली दागिन्याने कानाला खाज येत असेल तर तसं आधी सांगा.

धातू-सिरॅमिकचे तुकडे का उडतात? दात पुरेसा घासलेला नसतो म्हणून. समोरच्या बाजूने साधारण दीड मिलिमीटर आणि चावायच्या बाजूने दोन मिलिमीटर जागा लागते. त्यात धातू ०.३ ते ०.५, मग धातू झाकणारा अपारदर्शक थर, मग खरं सिरॅमिक. जागा कमी मिळाली की लॅबकडे दोनच वाटा उरतात: कॅप फुगीर करा, नाहीतर सिरॅमिक पातळ करा. पहिलीत दात घोड्यासारखा दिसतो, दुसरीत पांढराफटक पडतो आणि पुढे टवका उडतो. दोन्ही वेळा शिव्या लॅबला.

रुग्णाने करायच्या गोष्टी: पुढच्या दातांचा रंग दिवसाउजेडी ठरवा, तेही कॅपसाठी दात कोरण्याआधी. पिवळ्या दिव्याखाली ठरवलेला रंग लग्नमंडपातल्या फोटोत उघडा पडतो. लिपस्टिक पुसून जा. रंगाचा नंबर (ए२, ए३, बी२ असे असतात) कागदावर लिहून घ्या. सिरॅमिक चढवल्यावर पण शेवटची चकाकी देण्याआधी एकदा तोंडात लावून दाखवायला सांगा, त्याला बिस्क ट्रायल म्हणतात. रंग, लांबी, आकार तेव्हा बदलता येतो. चकाकी देऊन सिमेंटने बसल्यावर बदल म्हणजे कॅप कापून काढणं.

झिरकोनिया बसवल्यावर चावा जुळवायला वरून घासलं असेल तर ते पुन्हा गुळगुळीत करून घ्या. खरखरीत झिरकोनिया समोरचा चांगला दात झिजवतं.

आणि ते वॉरंटी कार्ड. १० वर्षांची, १५ वर्षांची वॉरंटी कॅपच्या साहित्याची असते. आतला दात किडला तर तिचा उपयोग शून्य. कार्डावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर उमटतो का ते मात्र तपासा. नावाजलेल्या कंपनीच्या नावाने भलतंच झिरकोनिया खपवणं नवीन नाही.

पाटावरवंटा

११ आतून उजळायचं म्हणजे नक्की काय करतात? काकूंना वाटतंय ॲसिड लावतात.

अक्कलदाढ

ॲसिड नाही. आधी एक छोटा एक्स-रे काढून जुनं रूट कॅनाल धड आहे ना ते बघायचं. मुळाच्या टोकाला सावली असेल तर ते पुन्हा करावं लागतं, त्याशिवाय उजळायचं नाही.

धड असेल तर दाताच्या मागच्या बाजूने जुनं सिमेंट काढतात आणि आतला रबरासारखा भराव हिरडीच्या पातळीच्या खाली दोन मिलिमीटरपर्यंत उतरवतात. त्यावर ग्लास आयोनोमर सिमेंटचा दोन मिलिमीटरचा बूच. हा बूच सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर औषध मुळाच्या बाजूने झिरपतं आणि काही वर्षांनी मूळ बाहेरून पोखरलं जातं. मग पोकळीत सोडियम परबोरेटची भुकटी ऊर्ध्वपातित पाण्यात घट्ट कालवून भरतात, वरून तात्पुरतं सिमेंट. रुग्ण घरी जातो, औषध आत काम करत राहतं. पाच-सात दिवसांनी पुन्हा बोलावून रंग बघायचा आणि औषध बदलायचं. असे दोन ते चार फेरे. पाण्याऐवजी कडक हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की काम लवकर होतं, पण मुळाचा धोका वाढतो. घाई नसेल तर पाणीच.

रंग जुळला की औषध काढून एक-दोन आठवडे थांबतात आणि मगच पक्कं काँपोझिट भरतात. लगेच भरलं तर उरलेल्या ऑक्सिजनमुळे ते दाताला नीट चिकटत नाही. काळेपणा आतल्या रक्ताचा असेल तर छान जातो, जुन्या चांदीच्या सिमेंटचा असेल तर जात नाही. काही वर्षांनी थोडा रंग परततो, तेव्हा पुन्हा करता येतं.

१२ आणि २२ च्या काँपोझिटलाही हेच लागू: ११ चा रंग पक्का झाल्यावरच ते भरा, म्हणजे तिन्ही जुळतील. भरताना दात पूर्ण कोरडा हवा. हिरडीजवळच्या कीडीत लाळ किंवा रक्त शिरलं की भरलेलं महिन्यात सुटतं. म्हणूनही सफाई आधी. भरल्यावर पहिले दोन दिवस हळदीची भाजी, चहा, विडा टाळायचा. हळद काँपोझिटवर फार लवकर बसते. सहा महिन्यांनी पॉलिश करून घेतलं की पुन्हा चमकतं.

खिडकी_क्र_४

आता पैसे आणि सरकारी जागा. यात ऐकीव गोष्टी फार फिरतात म्हणून सविस्तर लिहितो.

सरकारी दंत महाविद्यालयं: मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ('मेडिकल'च्या) परिसरात, छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारात. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय. सिंधुदुर्गातल्या लोकांना बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय जवळ पडतं. तिथे गोव्याबाहेरच्यांना शुल्क वेगळं आहे का ते आधी विचारून निघा. याशिवाय पुणे, नवी मुंबई, नाशिक, सांगली, सावंगी (वर्धा), लोणी (अहिल्यानगर) इथे खासगी संस्थांची महाविद्यालयं आहेत. त्यांचे दर सरकारीपेक्षा जास्त, दवाखान्यांपेक्षा बरेच कमी.

एक गोंधळ दूर करतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात मोफत उपचार सुरू झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं. दंत महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, तिथे ठरलेलं शुल्क भरावं लागतं. ते कमी असतं, पण शून्य नसतं. जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात दात काढणं, सिमेंट भरणं, सफाई होते. कवळी किंवा कॅप होते की नाही हे तिथे लॅब आहे का यावर अवलंबून, आधी विचारून जा.

महाविद्यालयात कसं चालतं: सकाळी लवकर केसपेपर, मग तोंड-तपासणी आणि एक्स-रे विभाग, तिथून कागदावर विभागांची नावं पडतात. हिरड्यांचा वेगळा, रूट कॅनालचा वेगळा, कवळी-ब्रिजचा वेगळा. काम विद्यार्थी करतात, प्रत्येक पायरीवर शिक्षक बघून सही करतात. म्हणून पाऊण तासाचं काम अडीच तास चालतं. दाढेचं रूट कॅनाल शक्यतो पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे द्या असं स्पष्ट सांगा. लॅबचा खर्च शुल्कात धरलाय की वेगळा, हे पहिल्याच दिवशी विचारा. भांडणं होतात ती इथे.

काम अर्धवट राहतं ते दोन कारणांनी: परीक्षेचा मोसम, आणि विद्यार्थ्याची त्या विभागातली पाळी संपणं. पाळी संपत आली की 'केस पुढे कुणाकडे सोपवली' हे नावासकट केसपेपरवर लिहून घ्या. रूट कॅनाल अर्धवट असताना तात्पुरत्या सिमेंटवर महिना काढला तर ते झिरपतं आणि आतली सगळी मेहनत वाया जाते. दोन आठवड्यांच्या वर जाऊ देऊ नका.

योजनांचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत जबड्याचं फ्रॅक्चर, तोंडाचा कर्करोग अशी कामं बसतात. कॅप, इम्प्लांट, कवळी नाही. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत (२०१७) मात्र कवळी आहे. वय ६० पूर्ण, आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब किंवा मासिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत. तपासणी आणि वाटप शिबिरांतून होतं, चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी आहे, त्यात ६५ च्या पुढच्यांना एकरकमी ३,००० रुपये खात्यात येतात, पण ते चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर अशा साधनांसाठी. नावं सारखी म्हणून लोक चुकीच्या रांगेत उभे राहतात.

काकू ५६ च्या आहेत, म्हणजे दोन्ही नाहीत. घरातलं कुणी कर्मचारी राज्य विम्यात, म्हणजे ईएसआयसीत असेल (पगार २१ हजारांपर्यंत) आणि काकू त्या कार्डावर अवलंबित म्हणून नोंदलेल्या असतील तर ईएसआयसी रुग्णालयाचा दंत विभाग बघा.

हिशोबनीस

आरोग्य विम्यात दातांचं बाह्यरुग्ण काम सहसा बसत नाही. अपघाताने दात तुटून रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर बसतं. पॉलिसीत 'दंत' कलम वाचा, एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आई-वडील ६० च्या पुढचे असतील, त्यांचा आरोग्य विमा नसेल, आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर त्यांच्या औषधोपचाराचा खर्च करपात्र उत्पन्नातून ५०,००० पर्यंत वजा होतो. रोख दिलेले पैसे धरत नाहीत. यूपीआय किंवा कार्ड, आणि पक्कं बिल.

हप्त्यांचं: 'बिनव्याजी' म्हणतात तिथे प्रक्रिया शुल्क किती ते विचारा, आणि कर्ज दवाखान्याशी आहे की वित्त कंपनीशी ते बघा. वित्त कंपनी असेल तर दवाखान्याला पूर्ण रक्कम पहिल्या दिवशी मिळते. पुढे काम बिघडलं, दवाखाना बंद पडला, तरी हप्ते तुमच्या मागे लागलेलेच. त्यापेक्षा टप्प्याने द्या: रूट कॅनाल झालं की त्याचे, माप घेतलं की कॅपचे अर्धे, बसवल्यावर उरलेले.

वऱ्हाडी_ठेचा

यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्याने तरुण पोरापोरींचे पुढचे दात पिवळे-तपकिरी. लग्न जुळवताना त्यावर बोलणी होतात. पावडरी घासून काही होत नाही. कॅपच बसवायची का सगळ्यांना?

सुळेवाली

विशीत सहा निरोगी दात घासून कॅप बसवणं शेवटचा उपाय. त्या कॅप जन्मभर पुरत नाहीत, दोन-तीनदा बदलाव्या लागतील.

हा फ्लोरोसिस, म्हणजे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडने पडलेला डाग; तो किती खोल त्यावर ठरतं. पांढरे-फिके तपकिरी ठिपके वरवरचे असतील तर मायक्रोॲब्रेजन: हिरडीवर रबरी पडदा लावून सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि प्युमिस दगडाच्या बारीक पुडीची लेई काही सेकंद घासायची, धुवायची, पुन्हा. इनॅमलचा अगदी पातळ थर जातो. त्यावर घरी वापरायचे ब्लीचिंग ट्रे, १० ते १६ टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, रात्री दोन-तीन आठवडे. ब्लीचिंगने पहिले काही दिवस पांढरे ठिपके उलट जास्त उठून दिसतात, घाबरू नका, भोवतालचा रंग सावकाश जुळतो. खळगे पडलेले असतील तर ते काँपोझिटने भरायचे. हे सगळं नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात होऊ शकतं. कोळशाची पूड, लिंबू-सोडा, राखुंडी याने डाग तसाच राहतो आणि इनॅमल जातं.

पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही मर्यादा. घरातल्या लहान मुलांना साधारण आठ वर्षांपर्यंत चांगलं पाणी मिळालं तर त्यांचे पुढचे दात वाचतात. मोठ्यांचा डाग पाणी बदलून जाणार नाही.

वरणभात

धागा थोडा वळवतो. पूर्ण कवळी करायची आहे, वय ७२. महाविद्यालयात पाच-सहा फेऱ्या सांगितल्यात. बाजारात एक जण दोन दिवसांत देतो म्हणतो.

प्लास्टर_ऑफ_पुणे

पाच-सहा फेऱ्या बरोबर आहेत. पहिलं माप, त्यावरून त्या माणसापुरता खास ट्रे, मग कडांचं आणि शेवटचं माप, मेणाच्या कड्यांवर जबड्यांचं नातं, मेणात दात लावून चाचणी, शेवटी पक्की कवळी आणि दुसऱ्या दिवशी तपासणी. दोन दिवसांत देणारा खास ट्रे आणि कडांचं माप गाळतो. कवळी ढिली होते ती तिथेच: कड हवाबंद बसत नाही, बोलताना खालची उचलली जाते.

मेणातली चाचणी सोडू नका, आणि घरातलं एक माणूस सोबत न्या. दात मेणात असतात तोवर सगळं हलवता येतं. बघायचं काय: दोन पुढच्या दातांमधली रेघ नाकाच्या मध्याखाली आहे का. ओठ सैल ठेवल्यावर वरच्या दातांची कड थोडीशी दिसते का. सत्तरीत ती अगदी कमी दिसली तर नैसर्गिक, विशीसारखी दिसली तर खोटी. मग 'वीस, बावीस' म्हणायला सांगा. 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या ओल्या कडेला हलकी टेकली पाहिजे. मग एकसष्ट ते अडुसष्ट भरभर मोजायला लावा. 'स'ला वरचे-खालचे दात जवळ येतात पण आपटत नाहीत. खटखट आवाज आला तर जबडा जास्त उघडा धरलाय, उंची कमी करावी लागेल. तोंड मिटल्यावर ओठ आत गेलेले आणि हनुवटी नाकाकडे आलेली दिसली तर उलट.

एकदम सरळ, पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या दातांचा आग्रह धरू नका. जुना हसरा फोटो असेल तर तो दाखवा, थोडा वाकडा सुळा तसाच लावता येतो. लोकांना कवळी आहे हे कळतच नाही.

अक्कलदाढ

भर घालतो. दात नुकतेच काढले असतील तर हाड आणि हिरडी बसायला दोन-तीन महिने द्या, नाहीतर नवी कवळी लगेच सैल होईल. पहिले काही दिवस लाळ जास्त सुटते, गाल चावला जातो. मऊ भात-खिचडीपासून सुरुवात, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं, पुढच्या दातांनी पेरू तोडायचा नाही. टोचतं तिथे घरी कानस लावू नका. तपासणीच्या आदल्या दिवसापासून कवळी घालून ठेवा आणि तशीच जा म्हणजे लाल वण दिसतो आणि नेमकं तेवढंच घासता येतं.

रात्री काढून साध्या पाण्यात. गरम पाण्याने ॲक्रिलिक वाकतं. टूथपेस्टने ओरखडे पडतात, साबण आणि मऊ ब्रश पुरे. धुताना खाली पाणी भरलेली बादली ठेवा, कवळ्या बेसिनवर पडूनच तुटतात. तुटली तर तुकडे जपून आणा, फेव्हिक्विक लावू नका. ते लावलं की तुकडे जुळत नाहीत आणि दुरुस्तीऐवजी कवळी नवीन करावी लागते.

पाटावरवंटा

बाजारात पुढचा एक दात पाचशे रुपयांत 'फिक्स' करून देणारेही आहेत. काकूंच्या शेजारणीने तेच सुचवलंय.

सुळेवाली

नाही म्हणजे नाही. ते शेजारच्या दातांना तार गुंडाळून किंवा तोंडातच पातळ ॲक्रिलिक ओतून दात अडकवतात. काढता येत नाही, खालून साफ होत नाही, वर्षाभरात शेजारचे दोन चांगले दातही जातात. पडलेला एक, मग तीन.

कुठेही जाताना महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर आहे का बघा. हत्यारं तुमच्यासमोर बंद पाकिटातून निघावीत आणि पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला असावा. तो बदलला म्हणजे पाकीट निदान ऑटोक्लेव्हमधून (वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून) गेलंय.

खिडकी_क्र_४

@पाटावरवंटा, काकूंना नेताना सोबत: आधार, रेशनकार्ड, आधीचे एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटं (नावं आठवत नाहीत म्हणून पाकिटंच न्या), आणि साखरेचा ताजा अहवाल. दुखरी दाढ आहे हे केसपेपरच्या खिडकीवरच सांगा, दुखणाऱ्यांना पुढे घेतात. सोमवार टाळा, गर्दी सगळ्यात जास्त त्याच दिवशी.

पाटावरवंटा

मंगळवारी नेते. ४६ आणि सफाई आधी, पुढचा दात ॲक्रिलिकचा, ब्रिजचं दोन महिन्यांनी. एकच विचारायचं राहिलं: तो काढ-घाल करायचा दात वायरचा घ्यायचा की बिनवायरचा, मऊ? मऊ दिसायला बरा वाटतोय.

प्लास्टर_ऑफ_पुणे

दोन महिन्यांसाठी वायरचाच. मऊ नायलॉनचा महाग, त्यात नंतर दुसरा दात जोडता येत नाही आणि सैल झाला तर आतून भरता येत नाही. वायर सुळ्यापाशी नको, शक्यतो मागच्या दातांवर घ्या असं सांगा, म्हणजे हसताना दिसणार नाही.